कोकमाच्या पाण्यातला निळा उजेड

मे महिना संपता संपता आमच्या भावकीच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर एक फोटो फिरला. काचेच्या कुपीत निळंशार चमकणारं पाणी आणि खाली मजकूर: कोकमाच्या सालींपासून कार्बनचे नॅनोकण, कर्करोगावर रामबाण. कोणी, कुठे, कधी केलं याचा पत्ता नाही, हात जोडलेले इमोजी मात्र भरपूर. तासाभरात मालवणहून आत्याचा फोन. तिच्या खळ्यात तेव्हा सोलं, म्हणजे कोकमाची सालं, वाळत पडली होती आणि पाऊस दारात आला होता, त्यामुळे प्रश्न थेट आला: "काय रे, सोलांचा औषध करतत म्हणे, खरां काय? मगे आमची सोलां कोण घेतलो?"

मी कॉलेजात रसायनशास्त्र शिकवतो. त्यामुळे हिंगात भेसळ आहे का इथपासून ते विहिरीत किती पोटॅश टाकायचं इथपर्यंत सगळं मला येतं असा घरात समज आहे. "बघून सांगतो," म्हणालो. ते सांगणं असं लांबलं.

नॅनो म्हणजे किती बारीक?

एका मिलिमीटरचे 10 लाख सारखे भाग केले तर त्यातला एक भाग म्हणजे एक नॅनोमीटर. आपला केस साधारण 80 हजार नॅनोमीटर जाड असतो. ज्या कणांबद्दल ही बातमी आहे ते 10 नॅनोमीटरपेक्षाही लहान असतात. तीन नॅनोमीटरच्या एका कणात ढोबळमानाने हजार-दोन हजार अणू बसतात.

इतकं बारीक केल्याने काय मिळतं? अख्खी वाटी तोंडात धरली तर खोबऱ्याची चव लागायला वेळ लागतो, खवलं की लगेच लागते, वाटून दूध काढलं की आमटीभर पसरते. खोबरं तेवढंच, उघडी बाजू वाढली. हिशोबच करायचा तर एक सेंटिमीटर बाजूचा कोळशाचा चौकोनी तुकडा घ्या. त्याच्या सहा बाजू मिळून 6 चौरस सेंटिमीटर. त्याच तुकड्याचे 10 नॅनोमीटरचे चौकोनी कण केले तर सगळ्यांची मिळून उघडी बाजू होते 600 चौरस मीटर, म्हणजे जवळजवळ सहा गुंठे. बोटाच्या पेरावर मावणाऱ्या कोळशात घर, खळं आणि मागची चार माडांची परसबाग बसली. रसायनशास्त्रात बहुतेक उलाढाल पृष्ठभागावर होते, म्हणून या सहा गुंठ्यांना एवढी किंमत.

कार्बनचं खटलं

एकाच आडनावाची पण वेगवेगळ्या वळणाची माणसं असावीत तसं हे कुटुंब आहे. पेन्सिलीतलं ग्राफाइट, अंगठीतला हिरा, चुलीवरची काजळी, सगळा कार्बनच. 1985 साली 60 अणूंचा फुटबॉलसारखा पोकळ रेणू सापडला, त्याला फुलरीन म्हणतात. त्याबद्दल 1996 चं रसायनशास्त्राचं नोबेल मिळालं. मग नळ्या आल्या, मग ग्राफाइटचा एकच थर सुटा केलेलं ग्राफीन आलं, त्यालाही 2010 मध्ये भौतिकशास्त्राचं नोबेल.

आपल्या बातमीतले कण मात्र अपघाताने हाती लागले. 2004 साली अमेरिकेत काही संशोधक कार्बनच्या नळ्या असलेली काजळी स्वच्छ करत होते. गाळातून वेगळा झालेला एक भाग अतिनील प्रकाशात चमकायला लागला. ज्याच्यासाठी खटाटोप चालला होता त्या नळ्या बाजूला राहिल्या आणि कचऱ्यानेच लक्ष वेधलं. दोन वर्षांनी या चमकणाऱ्या कणांना 'कार्बन डॉट' हे नाव पडलं. यापुढे मी त्यांना नुसतं 'ठिपके' म्हणेन.

काळा कोळसा चमकतो कसा?

अतिनील प्रकाश आपल्या डोळ्यांना दिसत नाही. तो ठिपक्यावर पडला की आतला इलेक्ट्रॉन वर उडी मारतो आणि खाली येताना थोडी ऊर्जा वाटेत गमावून उरलेली दिसणाऱ्या रंगाच्या रूपात सोडतो. रंग कोणता हे कशावर ठरतं, तिथे खरी मजा आहे.

असेच चमकणारे अर्धवाहकांचे, म्हणजे सेमिकंडक्टरचे, कण आधीपासून माहीत होते. त्यांना क्वांटम डॉट म्हणतात आणि 2023 चं रसायनशास्त्राचं नोबेल त्यांच्यासाठीच बवेंडी, ब्रूस आणि एकिमोव्ह या तिघांना मिळालं. तिथे रंग आकारावर ठरतो. देवळातली लहान घंटा किणकिणते आणि मोठी घुमते, तसा लहान कण निळा, मोठा कण तांबडा. पण त्यातले बरेचसे चांगले कण कॅडमियमच्या संयुगांचे असतात, आणि कॅडमियम हे विष आहे. टीव्हीच्या पडद्यात चालेल, माणसाच्या शरीरात कोण घालणार?

कार्बनच्या ठिपक्यांचं गणित जरा वेगळं. आकाराचा वाटा आहेच, पण पृष्ठभागाला काय चिकटलंय याचा वाटा मोठा. दशावतार बघणाऱ्यांना हे चटकन कळेल. पखवाजवाला नाटक सुरू होण्याआधी डाव्या बाजूला ओली कणीक थापतो. खोड तेच, चामडं तेच, पण कणकेमुळे आवाज खाली उतरतो. कमी थापली की वेगळा, जास्त थापली की वेगळा. ठिपक्याच्या पृष्ठभागावर ऑक्सिजनचे, नत्राचे गट बसवले की त्याचा 'आवाज', म्हणजे रंग आणि तेज, असंच बदलतं. ही कणीक नेमकी कशी काम करते यावर शास्त्रज्ञांमध्ये अजून वाद चालू आहेत.

करायची रीत: चिरा काढा, नाहीतर मीठ पिकवा

ठिपके करायच्या दोन वाटा. पहिली चिरेखाणीची. मोठ्या कातळातून जसा जांभ्याचा चिरा काढतात तसं मोठ्या कार्बनला फोडत, कुरतडत लहान करायचं. लेझरने फोडतात, विजेने फोडतात, तीव्र आम्लात उकळतात. 2007 मध्ये एका प्रयोगात तर चक्क मेणबत्तीची काजळी नायट्रिक आम्लात उकळून वेगवेगळ्या रंगांत चमकणारे कण वेगळे केले होते. समईवर ताटली धरून बाळासाठी काजळ पाडणाऱ्या आज्यांनी यातली पहिली अर्धी कृती कधीच केली होती म्हणायची. करवंटीचा कोळसाही याच वाटेने जातो.

दुसरी वाट मिठागराची. शिरोड्याच्या आगरात खारं पाणी आटत जातं आणि एका क्षणी त्यात मिठाचे दाणे धरू लागतात. तसं साखर किंवा आंबट आम्लासारखे लहान रेणू पाण्यात विरघळवायचे, तापवायचे, त्यांच्यातलं पाणी निघून जाऊ द्यायचं. रेणू एकमेकांना चिकटत जातात, साखळ्या होतात, साखळ्यांचे गोळे होतात, गोळे करपून कार्बनचे ठिपके बनतात. गुळाचा पाक गॅसवर विसरलात तर तो आधी सोनेरी, मग तपकिरी, मग काळा होतो. त्या प्रवासात मधे कुठेतरी थांबायचं, एवढंच. या वाटेवर प्रयोगशाळांचा सगळ्यात आवडता कच्चा माल सायट्रिक आम्ल, म्हणजे लिंबातला आंबटपणा. 2012 मध्ये भारतातल्याच एका गटाने संत्र्याच्या रसापासून ठिपके करून दाखवले होते. कोकमाचा आंबटपणा मुख्यतः हायड्रॉक्सीसिट्रिक आम्लाचा, म्हणजे सायट्रिकच्या चुलतभावाचा. तेव्हा कोकमापासून असे कण होतात ही बातमी अशक्य मुळीच नाही. अडचण पुढे आहे.

एका रात्रीचा कुकर

आमच्याकडे एका विद्यार्थिनीने प्रकल्पासाठी हेच करून बघितलं. ताज्या रातांब्यांची, म्हणजे कोकमाच्या फळांची, सालं कुस्करून गाळलेला लालभडक रस, त्यात तेवढंच पाणी. हे मिश्रण टेफ्लॉनच्या जाड पेल्यात ओतलं, वर मोकळी जागा ठेवून, कारण तापल्यावर पाणी फुगतं. पेला पोलादी कवचात बसवला, झाकण पान्याने आवळलं आणि 180 अंशांच्या भट्टीत रात्रभर ठेवला. याला हायड्रोथर्मल पद्धत म्हणतात. कल्पना आपल्या कुकरचीच, फक्त घरचा कुकर 120 अंशांच्या आसपास थांबतो आणि शिट्टी वाजवून मोकळा होतो. या भांड्याला शिट्टी नसते. आतला दाब बाहेरच्या हवेच्या दहापट होतो.

सकाळी भांडं पूर्ण गार झाल्यावर उघडलं. लाल रंग गेलेला, काढ्यासारखं तपकिरी पाणी, तळाशी काळा गाळ आणि करपलेल्या काकवीचा वास. गाळ काढून टाकला, वरचं पाणी बारीक गाळणीतून गाळलं, दिवा घालवला आणि नोटा तपासायची अतिनील बॅटरी लावली. निळा उजेड! सगळ्यांनी फोटो काढले. माझ्याही फोनमध्ये आहे. ग्रुपवर फिरलेल्या फोटोत आणि यात तुम्हाला फरक सांगता येणार नाही.

मग खरं काम सुरू झालं. ते पाणी एका खास पातळ पिशवीत भरलं. तिची भोकं इतकी बारीक की लहान रेणू बाहेर जातात, मोठे कण आत राहतात. चक्का टांगतात तशी गाठ मारून ती स्वच्छ पाण्याच्या मोठ्या चंचुपात्रात सोडून दिली. डायलिसिस म्हणतात ते हेच, मूत्रपिंडाच्या रुग्णांचं असतं त्याच तत्त्वावर. दुसऱ्या दिवशी अंधार करून बॅटरी मारली तर पिशवीच्या बाहेरचं पाणी झगझगत होतं आणि पिशवीतलं मंद.

"सर, कण पळाले?" तिने विचारलं.

उजेड कुणाचा?

कण पळाले असतीलही थोडे, पण बहुधा ते कण नव्हतेच. अतिनील प्रकाशात चमकणाऱ्या गोष्टी जगात ढिगाने आहेत. हळद स्पिरिटमध्ये कालवून बॅटरी धरा, पिवळसर हिरवी चमकेल. टॉनिक वॉटर निळं चमकतं, त्यातल्या क्विनीनमुळे. रस तापवताना अर्धवट शिजलेले असे कितीतरी लहान चमकणारे रेणू तयार होतात. सायट्रिक आम्ल नत्राच्या पदार्थांबरोबर तापवलं की ते हमखास होतात, आणि सुरुवातीच्या काळात ठिपक्यांच्या नावावर जमा झालेला बराच उजेड प्रत्यक्षात या रेणूंचा होता, हे नंतर लक्षात आलं.

दोन दिवस पाणी बदलत राहिल्यावर बाहेरचं पाणी चमकायचं थांबलं. पिशवीत उरलेलं सुकवलं तर चिमूटभर तपकिरी पूड. ती खरंच ठिपक्यांची आहे का, हे डोळ्यांनी किंवा साध्या सूक्ष्मदर्शकाने कळत नाही. इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शक लागतो, तो आमच्यासारख्या कॉलेजात नसतो, नमुना बाहेर पाठवावा लागतो, रांग असते, पैसे लागतात. फोटो काढायला एक रात्र पुरली होती. नमुन्याचा अहवाल येईपर्यंत तिची परीक्षा होऊन गेली.

म्हणून कोणी निळ्या कुपीचा फोटो दाखवला की मी एकच विचारतो: धुतलं होतं का, आणि धुतल्यावर किती उरलं?

रसायनशास्त्रात यांचं काम काय?

सगळ्यात सोपं काम चुगलीचं. काही धातू ठिपक्याला चिकटले की त्याचा उजेड मंदावतो. लोखंडाचे आयन, म्हणजे पाण्यात विरघळलेलं विद्युतभारित लोखंड, हे त्यातलं ठरलेलं गिऱ्हाईक. ठिपक्याच्या पृष्ठभागावरचे ऑक्सिजनवाले गट त्याला धरून ठेवतात आणि चमक खाली येते. किती खाली आली हे मोजून पाण्यात लोखंड किती हे सांगता येतं. आपल्याकडे हे कामाचं आहे. जांभा लाल आहे तोच मुळी लोखंडामुळे आणि बोअरच्या पाण्याने पांढऱ्या बादल्या कशा तांबूस होतात हे सड्यावर, म्हणजे जांभ्याच्या पठारावर, राहणाऱ्याला सांगायला नको.

पण यातही मेख आहे. पाण्यात दोन चमचे कोरा चहा पडला तरी उजेड मंदावेल, कारण चहाचा रंग अतिनील प्रकाश मधल्या मधे गिळतो. तांबं, पारा हेही चमक उतरवतात. त्यामुळे प्रयोगशाळेच्या शुद्ध पाण्यात झकास चालणारी चाचणी पावसाळ्यातल्या गढूळ विहिरीवर आली की गडबडते.

ठिपके रंगांसारखे प्रदूषक उजेडाच्या मदतीने तोडायलाही वापरून बघतात. त्यावर काम खूप आहे, कारखान्यात पोचलेलं कमी.

आणि शरीरात?

आत्याचा प्रश्न इथला होता, म्हणून इथे जरा थांबतो.

पहिला उपयोग दिसण्याचा: पेशीत ठिपके शिरले की ती चमकते आणि सूक्ष्मदर्शकाखाली ओळखू येते. दुसरा हमालीचा: सपाट कार्बनच्या पृष्ठभागावर औषधाचा रेणू चिकटवून न्यायचा आणि गाठीजवळच्या आम्लधर्मी वातावरणात सुटू द्यायचा. तिसरा शेकण्याचा: मे महिन्यात सड्यावर अनवाणी चालून बघा, काळपट कातळ ऊन कसं पितो ते कळेल. तसे काळे कण गाठीत पोचवून बाहेरून विशिष्ट प्रकाश टाकला की तेवढीच जागा तापते. हे तिन्ही प्रामुख्याने काचेच्या ताटलीतल्या पेशींवर आणि उंदरांवर तपासलेलं आहे.

माणसांवर नेहमीच्या वापरात आलेलं उदाहरण वेगळंच आहे आणि ते अजिबात चमकत नाही. चीनमध्ये थायरॉइडच्या कर्करोगाच्या शस्त्रक्रियेत सर्जन कार्बनच्या नॅनोकणांचं काळं द्रावण ग्रंथीत टोचतात. हे कण बरेच मोठे, सरासरी 150 नॅनोमीटरचे. रक्ताच्या बारीक वाहिन्यांच्या भिंतीतून ते शिरू शकत नाहीत, पण लसिकावाहिन्यांची, म्हणजे पेशींभोवतीचा द्रव वाहून नेणाऱ्या नळ्यांची, फट मोठी असते, तिथून जातात आणि लसिका ग्रंथींमध्ये जाऊन बसतात. शरीरातला कचरा गाळणाऱ्या या गाठी म्हणजे कर्करोग पसरायची पहिली स्टेशनं. त्या काळ्या होतात, सर्जनला उघड दिसतात. शेजारच्या पॅराथायरॉइड ग्रंथी तांदळाएवढ्या, चुकून कापल्या जायची भीती असते. त्यांना रंग लागत नाही, म्हणून त्या वाचवता येतात. इथे कण कर्करोग बरा करत नाहीत, शाईने खूण करावी तशी खूण करतात. मला विचाराल तर सगळ्या चमकत्या फोटोंपेक्षा ही काळी शाई मोलाची.

"पेशी मेल्या म्हणतात, मग औषध झालंच ना?"

ताटलीतल्या कर्करोगाच्या पेशी मारणं अवघड नाही. आगळ, म्हणजे कोकमाचा खारवलेला रस, ओतलं तरी मरतील, मीठ जास्त झालं तरी मरतील. शेजारच्या निरोगी पेशी वाचल्या का, कण गाठीपर्यंत पोचला का, काम झाल्यावर शरीराबाहेर पडला का, हे प्रश्न पुढचे. साधारण 6 नॅनोमीटरपेक्षा लहान कण मूत्रपिंडातून लघवीवाटे निघून जातात. मोठे यकृतात आणि प्लीहेत साठतात. म्हणून 'सगळे कण सारख्या आकाराचे आहेत' हे सिद्ध करणं ही हौस नाही, रुग्णाच्या जिवाचा मामला आहे. नॅनो औषधं कशी तपासायची याची मार्गदर्शक तत्त्वं भारत सरकारने 2019 मध्ये काढली, त्यात वेगळ्या चाचण्या मागितल्यात त्या यासाठीच.

"पण कोकम नैसर्गिक आहे, अपाय कसा होईल?"

हा आक्षेप मला सगळ्यात जास्त वेळा ऐकावा लागतो. रस 180 अंशांवर रात्रभर शिजल्यावर त्यात कोकम उरत नाही. जे बनतं त्याला नवीन पदार्थ म्हणूनच तपासायला हवं. काजळीही नैसर्गिकच. लंडनमध्ये धुराडी साफ करणाऱ्या पोरांना पुढे होणारा कर्करोग काजळीमुळे होतो, हे पर्सिव्हल पॉट या सर्जनने 1775 मध्येच लिहून ठेवलं. दोष निव्वळ कार्बनचा नव्हता, जळताना त्याला चिकटलेल्या दुसऱ्या विषारी संयुगांचा होता. म्हणजे पुन्हा धुण्याचाच प्रश्न.

नैसर्गिक मालाची आणखी एक खोड असते. एप्रिलचा रातांबा आणि पहिल्या पावसात भिजलेला रातांबा एक नसतो, वेंगुर्ल्याचा आणि गुहागरचाही नसतो. सोलकढीत हे चालतं, उलट त्याची गंमत वाटते. औषधाची दर खेप मागच्यासारखीच लागते. म्हणून ज्यांना खरंच औषधापर्यंत जायचं असतं ते बहुधा बाजारातलं शुद्ध सायट्रिक आम्ल विकत आणतात आणि फळाच्या रसाचा मोह टाळतात.

घरी करून बघू का?

नको. घरच्या कुकरचं तापमान पुरत नाही, आणि घट्ट झाकणाची बाटली भट्टीत किंवा मायक्रोवेव्हमध्ये ठेवली तर तो बॉम्ब होतो. हळद आणि नोटांची बॅटरी एवढ्यावर हौस भागवा.

मग सोलांना भाव येणार का?

ठिपके लागतात मिलिग्रॅमच्या हिशोबात. पन्नास मिलिलिटरच्या एका पेल्याला मूठभर सालं पुरतात. उद्या औषध निघालंच तरी त्यासाठी कोणी टेम्पो भरून कोकम नेणार नाही. करवंटीचं मात्र वेगळं. तिच्यापासून होणारा सक्रिय कोळसा, म्हणजे वाफेने आतून भोकं पाडलेला कोळसा, टनांनी विकला जातो. एका ग्रॅमच्या पोटात हजार चौरस मीटरच्या आसपास पृष्ठभाग असतो. तुमच्या घरच्या पाण्याच्या फिल्टरमध्ये बहुधा तोच आहे, सोनं काढायच्या कारखान्यांतही तोच, आणि पहिल्या महायुद्धात विषारी वायूच्या मुखवट्यांमध्येही करवंटीचा कोळसा भरलेला होता. त्याचे कण नॅनो नाहीत, भोकं तेवढी नॅनो आहेत. तो अंधारात चमकत नसल्यामुळे त्याचा फोटो कोणी फॉरवर्ड करत नाही. आपण मात्र निम्म्या करवंट्या न्हाणीच्या चुलीत घालतो.

एवढं सगळं मी आत्याला फोनवर सांगायला घेतलं. डायलिसिसच्या पिशवीपर्यंत तिने ऐकून घेतलं, चक्क्याची उपमा तिला पटली. मग मागून पत्र्यावर थेंब वाजायला लागले.

"म्हणजे सोलां सोलकढीकच," ती म्हणाली. "मगे ठेव फोन. पाऊस इलो, आत घेतंय."